राबाच्या वाटेवरचं गवत

डहाणू रोडला उतरले तेव्हा पाठीवर लॅपटॉप होता आणि डोक्यात फुकटचा अभिमान. हवामान बदललं की परदेशी गवतं कुठवर पसरतील, याचे नकाशे मी पुण्यात बसून करते. माझ्या नकाशात तलासरीकडचे डोंगर अजून वीस वर्षं सुरक्षित होते. तेच एकदा डोळ्यांनी बघून यावं, एवढाच बेत.

स्टेशनबाहेर चिकू घेतले. आशागडच्या पुढे दोन रिक्षा बदलल्या. शेवटच्या रिक्षावाल्याने भलत्याच फाट्यावर उतरवलं, "इथून जवळच आहे" म्हणाला आणि पसार! त्याला मनातल्या मनात शिव्या घालत तासभर चालले.

पण चालले म्हणूनच दिसलं. डांबरी रस्त्याच्या कडेला माझ्या नकाशातलं एक परदेशी गवत कमरेएवढं वाढलं होतं, पिवळसर तुरे काढून. तिथून पाड्याकडे (वस्तीकडे) जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना त्याचेच झुबके. वाट सोडून आत मात्र एकही नाही. वीस वर्षं कसली, ते आलेलंच होतं.

वाट संपली तिथल्या माळावर पाड्यातल्या एक बाई, लखमीमावशी, पवना (जनावरं आवडीने खातात ते गवत) कापत होत्या. साठी उलटलेली, पण विळा थांबत नव्हता.

"यावरच माझे दोन बैल जगतात," त्या म्हणाल्या. "बैल गेले तर शेत कशानं नांगरू?"

मी माझं नकाशांचं काम सांगितलं आणि वाटेवरच्या तुऱ्यांबद्दल विचारलं.

"ते शेपटं? बैल तोंड नाय लावत त्याला. म्हणून सुकलं का रस्त्यावरून भारे आणते, राबाला." राब म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-गवत पसरून जाळणं. "आपला पवना वाचतो. आन् जाळलं का ते संपलंच ना!"

सांगू की नको, असं झालं. शेवटी म्हटलं, "मावशी, जाळायच्या आधीच भाऱ्यातून बी गळतं. वाटभर."

त्या वाटेकडे बघत राहिल्या. "म्हंजे मीच आणलं?"

मग त्या भडकल्याच. "एवढे दिवस तुम्ही नकाशेवाले कुठं होते गं?"

बरोबरच होतं त्यांचं. मला फार लाज वाटली.

राग फार टिकला नाही. त्यांनी नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकटाची चटणी पुढे केली. जेवून आम्ही दोघी झुबके उपटायला लागलो, तुरे जुन्या लुगड्यात गुंडाळून, म्हणजे बी सांडायला नको. माझे हात सोलले, शेवटची एसटी चुकली.

सकाळी निघताना मावशी म्हणाल्या, "तुझ्या यंत्रात बघ बाय, माझा माळ कवा जातो. खरं सांग हां."

पुण्याला आल्यावर नकाशात पायवाटा घातल्या. आजवर मी फक्त ऊन आणि पाऊस धरला होता, डोक्यावरचा भारा कधी धरलाच नव्हता. मावशींचा माळ पाच वर्षांत लाल झाला, म्हणजे पवन्याच्या जागी नुसतं शेपटं. फोन करायला दोन दिवस धीर होईना.

"पाच?" मावशींनी विचारलं. "बरं. औंदा राबाला नुसता पाला. आन् शेपटं दिसलं का उपटायचं, सगळ्या पाड्याला सांगितलंय." मग हसल्या. "तुझा नकाशा खोटा पडला का भाकर खायला ये."

आजवर अंदाज चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला. हा एक मात्र साफ चुकू दे रे देवा, मला ती भाकर खायची आहे.