चष्म्यांची खिडकी

आमच्या काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, काहीही टाकवत नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर काचा घासल्या. गिऱ्हाईक नवा चष्मा चढवून निघून जायचं आणि जुना तिथेच टेबलावर राहायचा, काडी मोडलेला नाहीतर चरे पडलेला. काका तो रुमालात गुंडाळून घरी आणायचे. "यातून कुणीतरी जग बघितलंय गं," म्हणायचे. मी म्हणायचे, "बघितलं असेल, पण आता तुमच्या पलंगाखाली झाडू फिरत नाही." ऐकतील तर शपथ.

मावशीचं इस्त्रीचं टेबल घरासमोरच, रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. रस्त्यावरचं माणूस ती तोंडावरून नाही, कपड्यांवरून ओळखायची. कॉलर कुठे झिजलीय, कुणाच्या घरी भांडण झाल्याने सदरा तसाच चुरगळलेला आलाय, सगळं तिला ठाऊक. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. मग ती न्हाणीघरात घसरून पडली आणि पाठीचा मणका गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता बसायचं नाही, उताणं पडून राहायचं. किती दिवस, ते काही त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

"खिडकी लावून घ्या," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर बोलणं जवळजवळ बंद. दोन घास भरवले की तोंड फिरवायची. मी रोज स्वयंपाकाला यायचे, मुद्दाम भांडण उकरून काढायचे, पण ती ढिम्म. एकदा काका ओट्याशी येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. "ही पडल्या पडल्या मला सोडून चाललीय गं," म्हणाले आणि पाण्याचा नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात ऐकू येणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून पलंगाखालचे चष्मे बाहेर आले. कापडाच्या दुकानाबाहेर तागे संपलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असतात, त्याही काकांनी गोळा केल्या. जवळचं वाचायच्या काचा तेवढ्या वेगळ्या काढल्या. त्याच उजेड गोळा करतात म्हणे. अंगणात उन्हात बसून ते एकेक काच तळहातावर धरायचे, उन्हाचा ठिपका मोहरीएवढा झाला की काचेपासून तेवढ्या लांबीची नळी कापायचे. जाड काचेला आखूड नळी, पातळ काचेला लांब. एका तोंडाला काच, दुसऱ्या तोंडाला बटर पेपर. माणूस जाग्यावर असायचा, पण मन कुठेतरी पोहत असायचं. चहा गार झाला तरी पत्ता नाही. "काय करताय काय?" मी विचारलं. "तिला उठता येत नाही ना," ते म्हणाले, "मग रस्त्यालाच आत बोलावतो."

मग सगळ्या नळ्या एकत्र बांधून झालेलं ते पोळं त्यांनी खिडकी उघडून तिच्यात बसवलं, काचा रस्त्याकडे आणि कागद खोलीकडे, फटींत चिंध्या कोंबल्या. खोलीत अंधार झाला आणि ते गोल कागद हळूहळू उजळले. मी दारात उभी होते, हातातलं लाटणं हातातच राहिलं. प्रत्येक कागदात एक रस्ता होता. एका काचेला जुनेपणाचा पिवळा रंग, त्यात सगळी दुपार मधात बुडल्यासारखी. एकीला तडा, तिथे सायकलवाला मोडायचा आणि पलीकडे पुन्हा जुळायचा. आवाज कसलाच नाही. झाडाची पानं हलत होती, माणसं तरंगत होती.

पण सगळी उलटी. डोकी खाली, पाय वर.

आता याला काय म्हणावं. ज्या माणसाचं आयुष्य काचांत गेलं त्याने सगळी मापं उन्हाच्या ठिपक्यावर घेतली, आणि ठिपका उलटा झाला तरी गोलच दिसतो. मावशीला समोर दिसावं म्हणून पलंग त्यांनी खिडकीकडे पाय करून ठेवला होता. तिने मान जराशी उचलून बघितलं. "माझं सगळं उलटंच झालंय, ते काय कमी होतं?" म्हणाली आणि डोळे मिटले. कडेने पाणी ओघळलं. मला काकांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी लाटणं घेऊन निघूनच गेले.

सकाळी काका नळ्या काढायला लागले. स्टूल ठेवायला जागा होईना, म्हणून आम्ही दोघांनी पलंग फिरवला. मावशीचं डोकं खिडकीकडे आलं. काकांनी चिंध्या उपसायला हात घातला.

"अहो, थांबा."

इतक्या दिवसांनी तिचा तो इस्त्रीच्या टेबलामागचा आवाज ऐकून आम्ही दोघेही वळलो. मावशीने नजर कपाळावरून मागे नेली होती.

"त्या शाळेतल्या बाईंची साडी कुणी केलीय इस्त्री?" ती म्हणाली. "नुसती पाणी मारून घडी घातलीय. आणि तो माझ्या कोपऱ्यावर कोण उभा आहे? त्याला म्हणावं, टेबल नाही म्हणून जागा फुकट नाही."

काका स्टुलावरून खाली उतरले. "नीट दिसतंय तुला? सरळ?"

"म्हणजे काय? न दिसायला काय झालं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते पलंगावर तिच्या शेजारी आडवे झाले, खिडकीकडे डोकं करून. बराच वेळ दोघं तशीच पडून होती. ती काहीतरी सांगत होती, ते हं हं करत होते. मधेच ती म्हणाली, भूक लागलीय. मी मात्र अजून उभीच होते आणि मला अजूनही सगळे पाय वर करूनच चाललेले दिसत होते.

"तू खांबासारखी काय उभी राहिलीस?" मावशी म्हणाली. "आडवी हो, तेव्हा दिसेल."

मी पदर खोचला आणि तिच्या पलंगाशेजारी फरशीवर आडवी झाले.