पाय नाही, चाक ठेवीन

टेलरमास्तरांनी जुनी जीप घेतली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, माणूस कामातून गेला. उरलेल्या निम्म्यांना तसं आधीपासूनच वाटत होतं. ज्या माणसाला सायकलवर मागे बसलं तरी गरगरतं, त्यानं चारही चाकांना जोर असलेली जीप दुकानासमोर आणून उभी करावी आणि वर म्हणावं, "अजून उंच करायचीय"?

कारण विचारलं की मास्तर तोंडातल्या टाचण्या दाखवायचे. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही त्यांची जुनी सोय.

खरं कारण मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. मास्तरांची थोरली बहीण, ताई, गावाबाहेर टेकडीवर राहायची. फार वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला कोट शिवून दिला आणि तो दंडात घट्ट झाला. ताई म्हणाली, "तुला माप घेता येत नाही." मास्तर म्हणाले, "माप बरोबर आहे. दंड चुकलाय." असं गिऱ्हाइकाला बोललं तर गिऱ्हाईक जातं आणि बहिणीला बोललं तर बहीण. ताईनं कोट त्यांच्या अंगावर फेकला. "माझ्या दारात पाय ठेवू नकोस!" मास्तरही त्याच आईच्या पोटचे. "ठेवला तर नाव बदलीन," म्हणाले आणि तरातरा टेकडी उतरले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मास्तर ताईला फोन लावायचे. ती उचलायची. हेही गप्प, तीही गप्प. थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकून झाला की ताई फोन ठेवायची. मग मास्तर बायकोला सांगायचे, "बरी आहे. जरा सर्दी झालेली दिसते."

मास्तरीणबाईंनी कसलीच शपथ घेतलेली नव्हती, त्यामुळे त्या नणंदेकडे खुशाल ये-जा करायच्या. त्यांनीच एक दिवस बातमी आणली, "ताईंनी घर विकलं. महिनाअखेरीला मुलाकडे चालल्यात, कायमच्या. लांब आहे हो ते. परत काही येणं व्हायचं नाही."

मास्तरांची कात्री कापडात अर्ध्यावरच थांबली. "मला बोलावलंय?"

"नाही."

"मग मी जाऊ कसा?"

"पायांनी."

"तीच तर अडचण आहे!"

दोन दिवस त्यांनी जेवणात लक्ष घातलं नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत बोट बुडवून ते एकदम ओरडले, "पाय ठेवणार नाही असं म्हणालो होतो. चाकाचं काही बोलणं झालं नव्हतं!" मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

आता ताईच्या दाराशी चाक न्यायचं म्हणजे वाटेतला ओढा पार करायचा. ओढ्यात एक असा धोंडा बसला होता की कुठलीही गाडी आली की तिचं पोट घासून तिला परत पाठवायचा. लोक त्याला 'सासू' म्हणत. सासूवरून जायचं तर गाडी उंच हवी, म्हणून मास्तर मेकॅनिककडे गेले. हा मेकॅनिक साध्या आवाजात बोलल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. सगळे त्याला भोंगा म्हणायचे.

"उंच ना?" भोंगा गरजला. "करतो की!" त्यानं स्प्रिंगचे जाड पाटे घातले, पाट्यांच्या टोकांना लांब कड्या लावल्या, मोठी चाकं चढवली. जीप अशी उंच झाली की मास्तरांना आत बसायला स्टूल लागायचं.

पण चालवायला घेतली की ती थरथरायची. साधीसुधी नाही, आरशात मागच्या एका ट्रकचे तीन ट्रक दिसायचे. मास्तरांचे दात वाजायचे. घरी आल्यावरही हात इतके कापायचे की त्या आठवड्यात शिवलेल्या सगळ्या पँटींच्या शिवणी नागमोडी गेल्या. एका गिऱ्हाइकानं ही नवी फॅशन आहे का विचारलं आणि आवडली म्हणून आणखी एक शिवायला टाकली.

आणि मग एके दिवशी ऐन बाजारात खालून मोठा खणखणाट झाला. इंजिन बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना. मागून एक सभ्य गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "अहो, तुमचं काहीतरी पडलं." तो गाडीचा शाफ्ट होता.

भोंग्याच्या गॅरेजमध्ये मास्तर गळ्यातल्या टेपसकट जीपखाली आडवे झाले. शेजारी भोंगा आडवा.

"इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेतो तो हा दांडा!" भोंगा त्यांच्या कानात ओरडला. "एका नळीत दुसरी नळी सरकते. चाक खड्ड्यात गेलं की दांडा लांबतो, वर आलं की आखूड होतो. तुम्ही गाडी उंच केली, नळी बाहेर ओढली गेली. आत बोटभर उरली होती, मग सुटणारच!"

"मी नाही, तू केलीस उंच," मास्तर म्हणाले. मग त्यांनी टेप लावून पाहिला. "म्हणजे याला माया उरली नव्हती."

"कसली माया?"

"अरे, शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड ठेवतो ना, त्याला माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की उसवून तेवढं मोकळं करायचं. माया ठेवली नाही तर कपडा..." मास्तर बोलता बोलता थांबले.

ताईच्या कोटाला त्यांनी माया ठेवलीच नव्हती. कापड कमी पडलं होतं आणि बहिणीपुढे तसं कबूल करायची लाज वाटली होती, म्हणून दंडाला नावं ठेवली. इतकी वर्षं त्यांनी ही गोष्ट स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. जीपखाली, पाठीला खडे टोचत असताना, मास्तरांना रडू आलं.

"डोळ्यांत ग्रीस गेलं का?" भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"हो," मास्तर म्हणाले. "नवा दांडा लांब कर. आणि माया भरपूर ठेव."

भोंग्यानं लेथवर लांब दांडा करून आणला. पण नुसत्या लांबीनं थरथर जाईना. दांड्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि गाडी उंच करताना मागच्या आसाचं नाक, म्हणजे दांडा जोडतो ते टोक, वाकडं झालं होतं. "पाट्याखाली पाचर मारावी लागेल!" भोंगा म्हणाला. "पाचर मारली की सगळं सरळ!"

"आमच्या दोन्ही घरांत पाचर मारणारे पुष्कळ झाले," डबा घेऊन आलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. "सरळ झालेलं काही पाहिलं नाही." पण पाचर बसली आणि जीप लोण्यासारखी चालायला लागली.

महिनाअखेर उजाडली. मास्तरांनी स्वतः शिवलेला नवा शर्ट घातला आणि निघाले. ओढ्याच्या अलीकडे ताईच्या मुलाची गाडी उभी होती, तिला सासूनं पुढे जाऊ दिलं नव्हतं. मास्तरांनी त्याला हात केला, चारही चाकांचा जोर लावला आणि डोळे मिटून सासूवर चढले. उघडले तेव्हा पलीकडे होते.

ताई अंगणात ट्रंकेवर बसली होती. गुडघे चोळत ती उतरणीकडे बघत होती. एवढं चालत जायचं कसं, हे तोंडावर स्पष्ट दिसत होतं. जीप अगदी दाराशी येऊन थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, रविवारच्यासारखी.

"बस," शेवटी मास्तर म्हणाले. "खालपर्यंत सोडतो."

ताईनं पाय उचलून पाहिला. तो पायरीच्या जवळपासही पोचेना. "कुठं बसू? शिडी आणलीयस का?"

सगळी मापं घेतली होती, तेवढं एक राहिलं होतं. मास्तरांनी खाली उडी मारली, गुडघा टेकला आणि मांडी पुढे केली. "ठेव पाय."

ताई त्यांच्या बुटांकडे बघत होती. मग त्यांनीही पाहिलं.

"नाव बदलणार होतास," ताई म्हणाली.

"सांग, काय ठेवू?"

"नवं कशाला? लहानपणी मी ठेवलंय तेच राहू दे. बावळट." आणि त्यांच्या मांडीवर पाय देऊन, खांद्याला धरून ती वर चढली.

"ताई, कापड कमी पडलं होतं गं. दंड बरोबर होता."

"मग फोनवर सांगायचंस की!"

"तू ठेवून द्यायचीस."

"तू बोलायचा नाहीस!"

भांडत भांडतच जीप टेकडी उतरायला लागली. वळणावरून ओढा दिसला, पलीकडे मुलाची गाडी आणि तिचा उघडा दरवाजा दिसला, आणि मास्तर भांडायचे थांबले. ताईच्या दारी यायला एवढा खटाटोप केला, आणि जीप कामाला आली ती तिला पोचवायला. त्यांनी वेग अगदी कमी केला. ताईनं त्यांचा दंड धरला होता, घट्ट.

दांडा आत्ता पडावा, असं मास्तरांना मनापासून वाटलं. भोंग्यानं एखादा नट ढिला ठेवला असावा, पाचर निसटावी, काहीही व्हावं. ते कान देऊन ऐकत राहिले. पण भोंग्यानं काम चोख केलं होतं. जीप जराही न थरथरता सासूवरून पलीकडे उतरली.