सुऱ्याची मूठ

चिखलीच्या बाजारात लोहाराच्या भट्टीपाशी घण मारणारी ती बाई मला एकदाच भेटली. मुलांनो, तुमच्या आजोबांना रानडुकराच्या शिकारीसाठी सुरा हवा होता. पातं ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचं ठरलं, पण मूठ त्यांना सांबरशिंगाची, गुळगुळीत हवी होती. मला ती शिकारच नको होती.

बाईने घण टेकवला, पदराने कपाळ पुसलं आणि शिंगाच्या मुठीचा एक बिनधारेचा सुरा त्यांना दिला.

"साहेब, हात पान्यात बुडवा अन् खुपसा या ओंडक्यात."

त्यांनी जोर लावला तसा ओला हात मुठीवरून घसरून थेट पात्यावर गेला.

"डुकराफुडं हात कोरडा राह्यते काय?" ती हसली. "बाभळीची मूठ करतो, वरून सुतळी गुंडाळतो. मूठ अन् पात्याच्या मधात पितळेची आड लावतो, हात फुडं सरकत नाही. दिसाले गावठी दिसन, पन बोटं घरी येतीन. हाव ना, बाई?"

"हो," त्यांच्याआधी मीच म्हणाले.

शिकारीहून ते परतले, तेव्हा मी आधी त्यांचा उजवा हात उघडून पाहिला. डुक्कर अंगावर आलं, सुरा आडेपर्यंत आत गेला, असं ते सांगत होते. तळहातावर सुतळीचे वळ होते, जखम नव्हती. त्या वळांवर मी कितीतरी वेळ तूप चोळत बसले.