डाळिंबाची वाटी

सिंगापुरात, पासिर रिसला आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मरीन इंजिनिअर काका राहतात. भेटले की लिफ्टचं दार हाताने अडवून प्राचीन ग्रीकांचे गुप्त विधी सांगू लागतात. धान्यदेवी डिमीटरची लेक पाताळाच्या राजाने पळवली, आणि तिने तिथले डाळिंबाचे दाणे खाल्ले. "जिथलं खाल्लं, तिथे दरवर्षी परतावंच लागतं, साहेब!" बरं, त्या विधींत मंदिरात भक्तांना दाखवायचे तरी काय, असं विचारलं की ओठांवर बोट. "ते गुपित!" माझ्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळलं, तरी सुटका नाही.

परवा त्यांची लेक मेलबर्नला सासरी परत निघाली, म्हणून निरोप द्यायला गेलो. टेबलावर सोललेल्या डाळिंबाची वाटी होती. गप्पांच्या नादात मी ती फस्त केली. काकांचा चेहरा पडला.

"अहो, ती तिच्यासाठी होती!"

इतकी वर्षं तीच गोष्ट ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो आत्ता. खाली टॅक्सी येऊन उभी.

लेकीने वाटीच्या तळाला चिकटलेला एक दाणा बोटाने उचलून तोंडात टाकला आणि अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, वन इनफ लाह!"

काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही तर अख्खं डाळिंब खाल्लंत. आता कुठे जाता!"