बोक्याला बघायला आलेली माणसं

आमच्या बोक्याला नाव नव्हतं. ‘बोक्या’ अशी हाक मारली की यायचा, आणि यायचं नसलं तर कितीही हाका मारा, यायचा नाही. अंगानं पांढरा, पाठीवर पिवळा डाग आणि एक कान फाटका. लेकीच्या लग्नात मांडवात शिरला, पंगतीला जेवला आणि वऱ्हाड परत गेलं तरी हा गेला नाही. लेक शिवऱ्याला नांदायला गेली त्याच दिवशी तो भाताच्या पोत्यांवर चढून झोपला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "एक गेली, एक आला. घर मोकळं राहायचं न्हाई आपलं."

आमचं गाव नसरापूरवरून आत, वेल्ह्याच्या अंगाला आहे. इथं घराघरांत भाताची पोती, आणि पोती म्हटली की उंदीर आलेच. बोका आल्यापासून आमच्या पोत्यांना भोक पडलं नाही. पण खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक उंदरांसाठी नव्हतं. मला माणसांत बोलायला जमत नाही. चार बायका जमल्या की मी मागच्या मागं सटकते. दुकानात गेले तर बोट दाखवून वस्तू घेते. बोक्याशी मात्र मी सगळं बोलायची. भाकऱ्या थापताना तो चुलीशेजारी डोळे मिटून बसायचा आणि मी सकाळपासूनचं सगळं त्याला सांगायची. मालक एकदा म्हणाले, "माझ्याशी येवढी बोलली असतीस तर मी बी घरी थांबलो असतो."

मी म्हटलं, "तुम्ही मधी बोलता. तो बोलत न्हाई."

अशी काही वर्षं गेली. मग एका साली भाताची मळणी झाली आणि त्या हिवाळ्यात बोका पाणी फार प्यायला लागला. सारखा हौदाच्या कडेला बसलेला. मग खाणं सुटलं. सुकट पुढ्यात ठेवली तर वास घ्यायचा आणि माझ्याकडं बघायचा, जसं काही मीच त्याला फसवलंय. पाठीवरून हात फिरवला तर मणके हाताला लागायला लागले. आत्याबाईंनी मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढली. बोक्याला शिंक आली. "बघ, लागलीच होती," म्हणून आत्याबाई खूश झाल्या. पण खाणं काही सुरू झालं नाही.

मग एक दिवस मीच उठले. त्याला भाजीच्या पिशवीत घातलं, वरून मालकांची जुनी शाल टाकली आणि शेअर रिक्षानं नसरापूरला नेलं. आयुष्यात एकटीनं दवाखान्यात जायची ही माझी पहिलीच वेळ, तीही बोक्यासाठी. जनावरांचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांना गाई-म्हशींची सवय. मी पिशवी टेबलावर ठेवल्यावर म्हणाले, "ह्यात काय आणलंय? कोंबडी?" बोक्यानं डोकं वर काढलं. डॉक्टर हसले, पण त्यांनी त्याला तपासलं मात्र अगदी नीट. तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं, रक्त घेतलं आणि मला बाकावर बसायला सांगितलं.

नंतर त्यांनी समजावलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. पुण्याला नेलं तर पिंजऱ्यात ठेवून सलाईन लावतील, त्यानं थोडे दिवस वाढतील. बरा होणार नाही. "तुमचं काय म्हणणं आहे, ताई?"

मला म्हणणं मांडायची सवय नाही. मी नुसती पिशवीला मिठी मारून बसले.

डॉक्टर म्हणाले, "मला वाटतं घरीच न्या. दुखू नये म्हणून औषध देतो. त्याला आवडंल तिथं बसू द्या, आवडंल ते द्या."

त्या जनावरांच्या दवाखान्याला लागूनच माणसांचं हॉस्पिटल आहे आणि बाहेर पडायचा बोळ एकच. मी डोळे पुसत त्या बोळातून आले, हातात औषधाची पिशवी, खांद्यावर मालकांची शाल. आमच्या वाडीतली एक बाई बाजाराला आलेली, तिनं मला पाहिलं. "काय गं, कोण आजारी हाय?" मला हुंदकाच आला. मी मान हलवली आणि रिक्षात बसले. बोका तेव्हा काखेतल्या भाजीच्या पिशवीत गपगार झोपला होता.

एवढ्यावर काय व्हायचं ते झालं. आमच्याकडं कुणी दवाखान्यातून घरी आलं की त्याला बघायला जायचं असतं. बिस्किटाचा पुडा घ्यायचा, उशाशी बसायचं, "आता कसं वाटतंय?" विचारायचं आणि चहा पिऊन उठायचं. दिवेलागणीला आमच्या दारात पाच-सहा बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात पुडा. आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. सगळ्या त्यांच्याभोवती बसल्या. शेजारच्या काकींनी त्यांचा हात हातात घेतला.

"आता कसं वाटतंय, आत्या?"

"कसं म्हंजी? लसूण तिखट हाय, डोळं चुरचुरत्यात."

"जास्त बोलू नगा. थकवा येतो."

"मला कशाचा थकवा? मला काय धाड भरलीया?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. म्हातारीपासून लपवून ठेवलंय वाटतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात मालक भाताचा पेंढा रचून आले, अंगभर कुसळं. त्यांना बघून तीच बाई म्हणाली, "अगं बया, हे बी धडधाकट हायेत. मग आजारी हाय तरी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी. वाटलं, आता सांगितलं की हसतील. मांजरासाठी रिक्षात बसून नसरापूर, आणि वर भर बाजारात रडणं. पण गप्प राहिले असते तर आत्याबाईंना त्यांनी उचलून खाटेवर झोपवलं असतं. मी कसंबसं म्हटलं, "बोका."

कुणी हसलं नाही. शेजारच्या काकी ताडकन उठल्या. "आमचा बोका? पांढरा, पिवळ्या डागाचा?"

आमचा? मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

काकी म्हणाल्या, "रोज सकाळी दूध-भाकरी खायाला येतो की माझ्याकडं. म्या म्हणते चार दिस झालं, दिसला कसा न्हाई. माळकऱ्याचं घर आमचं, आन् त्यानं बी कधी वशाटाला, मटण-मासळीला तोंड लावलं न्हाई हो. माळकरीच हाय तो."

"माळकरी?" पलीकडच्या घरची सून हसून ओट्यावरून पडायची राहिली. "आमच्यात बोंबील भाजला की आधी तो ताटाशी. माळकरी म्हनं!"

तिसरी म्हणाली, त्यांच्यात तो अंडं खातो. चौथीच्या घरी तो खात नाही, दुपारी फक्त टीव्हीसमोर झोपतो. मी ज्याला एवढी वर्षं माझा एकटीचा समजत होते, तो वाडीतल्या निम्म्या घरांत माझ्यापेक्षा जास्त ये-जा करून होता. मला जरासा रागही आला. बोका आत कोपऱ्यात पोत्यावर पडून सगळं ऐकत होता आणि कान फक्त ‘बोंबील’ म्हटल्यावर हलला.

मग रीतीप्रमाणं सगळ्या त्याच्या उशाशी बसल्या. "आता कसं वाटतंय?" काकींनी त्याला विचारलं, आणि खरं सांगते, त्यानं हळूच म्याव केलं. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. बिस्किटं आत्याबाईंनी खाल्ली.

पण जाताना त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, "पोरी, मांजर मराय टेकलं की घरात थांबत न्हाई. जातं कुटंतरी, कुणाला दिसत न्हाई. मन घट्ट कर." आत्याबाईंनीही मान हलवली. त्यांच्या माहेरची मांजर अशीच गेली होती, शोधूनही सापडली नाही.

ते माझ्या मनात रुतून बसलं. तो जाणार हे मी कसंतरी गिळलं होतं. पण झुडपात, थंडीत, एकटाच? शेवटच्या घटकेला मी त्याच्याजवळ असावं, एवढंच मला हवं होतं. मी दार लावून घेतलं. मागच्या दाराला कडी, खिडकीला पाट. बाहेर जायचं तर मी आडवी होऊन सटकायची, तो पायातून निसटू नये म्हणून. मालक दोनदा बाहेरच अडकले आणि त्यांनी खिडकीबाहेरून हाक मारली, "अगं, मी बोका न्हाई, मला तरी आत घे."

बोका दारापाशी जाऊन बसायचा. चालताना मागचे पाय लटपटायचे, तरी जायचा. दाराच्या फळीवर एक पाय ठेवायचा, ओरखडायची ताकद नव्हती, नुसता ठेवायचा आणि माझ्याकडं वळून बघायचा. मी त्याला उचलून परत पोत्यावर ठेवायची. लेकीनं व्हिडिओ कॉल केला. शिवऱ्याच्या तिच्या घरातून ती फोनमध्ये "बोक्या, बोक्या" करत होती, पण त्याची नजर दारावरच.

"आई, त्याला बाहेर जायचंय गं."

"तो गेला म्हंजी मला दिसायचा न्हाई परत."

आत्याबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तू बी जा की त्याच्यासंगं. तुला कुनी बांधलंय?"

हे मला सुचलंच नव्हतं. तो बाहेर जाईल ती वाट लोकांच्या दारांवरून जाणार होती, आणि लोकांच्या दारांत मी कामाशिवाय कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी चुलीपाशी जरा वेळ बसले. मग उठून दार उघडलं.

चांगलं ऊन पडलं होतं. बोका उंबऱ्यावर थांबला, नाक वर करून वास घेतला आणि उतरला. मी मागं. मला वाटलं होतं तो झाडीकडं, ओढ्याकडं जाईल. तो गेला शेजारच्या काकींच्या ओट्यावर. तिथं त्याच्या दुधाची वाटी पालथी होती, तिच्याजवळ बसला. काकी बाहेर आल्या, मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, तू? ये, बस." मी बसले. त्यांनी वाटीत दूध घातलं, बोक्यानं जीभ लावली न लावली आणि उठला. मीही उठले. "चहा तरी घे," काकी म्हणाल्या. मी म्हटलं, "त्याला घाई हाय," आणि स्वतःच हसले.

मग पलीकडचं घर. तिथून टीव्हीवाल्यांचं. दोन घरांच्या मध्ये तो वाटेतच बसायचा, मी शेजारी टेकायची, परत उठायचा. पुढच्या घरच्या बायकांना आधीच कळलेलं असायचं. इकडून ओरडायच्या, "निघाला गं आमच्यातून!" तिकडून उत्तर यायचं, "आला, आला, हितं हाय!" टीव्हीवाल्या घरात मला चहा घ्यावाच लागला, कारण बोका त्यांच्या सोफ्याखाली डुलकी काढत होता. त्यांची सून मला म्हणाली, "वहिनी, आज बोक्यापायी का व्हईना, आमच्यात आलात तुम्ही." मी तिच्याशी बोलले. भाताबद्दल, लेकीबद्दल. किती बोलले ते आठवत नाही, पण ती मधेमधे बोलत होती आणि मला त्याचा त्रास झाला नाही.

शेवटच्या घरापुढं आमचं खळं लागतं. तिथं मालकांनी रचलेला पेंढा होता, दिवसभर उन्हानं तापलेला. बोका त्याच्या पायथ्याशी आडवा झाला. पुढं ओढ्याची झाडी होती, तिकडं त्यानं बघितलंही नाही. मी मांडी घालून बसले आणि त्याला उचलून घेतलं. आता त्यानं उठायचंही बघितलं नाही. मी त्याला सकाळपासूनचं सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कुणाचा चहा पाणचट होता. श्वास हळू होत गेला. त्याचं पोट माझ्या हाताखाली वर आलं, खाली गेलं, आणि मग परत वर आलं नाही. उन्हं अजून पेंढ्यावरच होती.

मी थोडी रडले. मग मालकांना हाक मारली. ते फावडं घेऊन आले, आणि बघता बघता त्या सगळ्याजणी आल्या. आत्याबाई काठी टेकत आल्या. खाचराच्या बांधावर खड्डा केला. आमच्यात पुरताना मीठ घालतात, प्रत्येकीनं आपल्या घरून मूठ-मूठ आणलं होतं. पलीकडच्या सुनेनं पदराखालून बोंबील काढला आणि हळूच खड्ड्यात ठेवला. माळकरी काकींनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "म्या काय बी बघितलं न्हाई. माती टाका."

माती टाकून झाल्यावर कुणी घरी जाईना. बांधावरच वाद सुरू झाला, बोक्याचा जीव खरा कुणावर होता. काकी म्हणाल्या, पहिला घास रोज त्यांच्याकडचा. पलीकडची सून म्हणाली, मनापासून खायचा तो आमच्यातच. टीव्हीवाल्या म्हणाल्या, खायला कुणीही घालील, झोपायला तो विश्वासाच्याच घरी जातो. आत्याबाई म्हणाल्या, त्यांनी काढलेल्या दृष्टीमुळंच तो एवढा तरी चालला. चौघी एकदम बोलत होत्या, हातवारे चालले होते.

मी म्हटलं, "शेवटी माझ्या मांडीवर व्हता तो."

मोठ्यानं म्हटलं. सगळ्या थांबल्या.

काकींनी माझ्याकडं बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जा बाई, जिंकलीस तू. आता चल, मगाचा चहा राह्यलाय तुझा."

आणि मी गेले.