जाऊबाईंची गोळी आणि कापसाचा काटा

गोळीने बायका फुगतात आणि जाड्या बायका जास्त फुगतात, हे आमच्या घरात मीच सिद्ध करून दाखवलं होतं. तो पुरावाच खोटा होता हे मला आठ दिवसांत कळलं. सांगायला वीस वर्षं लागली.

आणीबाणी उठून थोडी वर्षं झाली होती, तरी अल्लीपुरात ऑपरेशनचं नाव काढलं की म्हाताऱ्या दार लावून घेत. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं तिसरं बाळंतपण जिवावर बेतलं होतं, रक्त थांबेना. पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सासूबाई ऑपरेशनला तयार होईनात. तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरने दिवस न जाण्याच्या, रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. सोबत गेलेली मी, मीही मागून घेतल्या.

मी काडी, जाऊबाई चांगल्या अंगाने भरलेल्या. गोळी मात्र दोघींना एकच, तुरीच्या दाण्याहून लहान.

"काऊन वो सिस्टर," जाऊबाई म्हणाल्या, "हिले अर्धी अन् मले दीड नाई देत का?"

"गोळीले काय डोये असते बाई, कोण जाडी कोण रोड पाहाले?"

सगळ्या हसल्या. मला मात्र कोडं पडलं. एकच भाकर एकीच्या अंगी लागते, दुसरीच्या लागत नाही. त्यात ही एवढीशी गोळी जाऊन काय करत असेल? मी मॅट्रिक झालेली, घरचा कापूस मोजणं माझ्याकडे. म्हटलं, मोजूनच पाहू.

वेचणी भरात होती. गोठ्याच्या आढ्याला मोठा काटा टांगलेला असे. संध्याकाळी वेचणाऱ्या बाया गेल्या की आम्ही पाळीपाळीने पारड्यात बसलो. जाऊबाई बसल्या तसा दोर करकरला.

"हळू वं! मी पडली त गोळीचं कामच नाई राह्यचं!"

होळीनंतर पुन्हा बसलो. मी थोडी वाढले होते, जाऊबाई माझ्या जवळजवळ दुप्पट वाढल्या होत्या.

"पाह्यलं? हे गोळी जाडीलेच धरते. मी आपल्याच हातानं चरबी गिळून राह्यली." त्यांनी उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. मी मान डोलावली. शोध माझा होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

आठ दिवसांनी माळ्यावरून पायली काढताना वेचणीची वजनं हाताला लागली. आमच्याकडे वजनं दोन तऱ्हेची होती. वेचणीच्या वजनांच्या बुडात शिसं भरलेलं होतं. बायांनी वेचलेला कापूस कमी भरावा आणि मजुरी कमी द्यावी लागावी म्हणून. हंगाम संपला की सासरे ती माळ्यावर टाकत आणि खरी खाली काढत. रोज संध्याकाळी ती काट्यावर ठेवणारी मीच. पहिल्यांदा आम्ही स्वतःला शिशाच्या वजनांनी मोजलं होतं, होळीनंतर खऱ्या वजनांनी. खऱ्या वजनांवर तेच अंग जास्त भरतं, आणि माणूस जितकं जड, तितका हा फरक जास्त. कदाचित दोघींपैकी कुणीच तोळाभरही वाढलं नव्हतं.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्यात शिसं आलं असतं, आणि जाऊबाईंच्या पोटात काही राहत नसे. विहिरीवर त्याच वेचणाऱ्या बायांशी त्यांच्या गप्पा चालत. मी गप्प बसले. स्वतः मात्र गोळी घेत राहिले.

पावसाळ्यात जाऊबाईंना दिवस गेले. बाळंतपण वर्ध्याला झालं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, डॉक्टर दोनदा बाहेर येऊन दिरांशी हळू आवाजात बोलले. त्या वाचल्या. मुलगी झाली, अगदी आईच्या अंगाची.

तिचं यंदा लग्न झालं. माहेरपणाला आली तेव्हा तिच्या पर्समध्ये गोळ्या निघाल्या.

"फेक त्या," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्यासारखीले बाधते. विचार तुह्या काकूले, तिनं मोजून पाह्यलं."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मग मी सांगितलं. शिशासकट.

जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"तुले माहीत होतं."

"हो."

"अन् तू खात राह्यली."

"हो."

मुलीने मधेच विचारलं. "पण काकू, गोळीनं वजन वाढते का नाई वाढत?"

"मले नाई माहीत, बाई. एखादीचं वाढतही असन. डॉक्टरीणबाईले विचारजो."

जाऊबाईंनी ते गोळ्यांचं पाकीट उचललं, वाचता येत नसूनही उलटसुलट करून पाहिलं, आणि लेकीच्या हातात परत दिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.