पाचव्या टेबलापर्यंत

माझी मावशी दात करते. कवळ्या, खोटे दात. ओळख करून देताना ती हे सांगते तेव्हा समोरचे निम्मे लोक पटकन तोंड मिटतात, आणि तिला त्याची भारी मजा वाटते.

मी तीन वर्षांत चार नोकऱ्या बदलल्या आणि त्याला प्रगती म्हणत होते. पाचवी बदलायला निघाले तेव्हा आई ओरडली नाही, फक्त म्हणाली की जाण्याआधी मावशीला एकदा तिच्या टेबलांबद्दल विचार. विचारलं. मावशीला असं कुणी विचारलं की ती चहा टाकून बसतेच.

तिच्या लॅबमध्ये पाच टेबलं एका रांगेत आहेत. दाराजवळचं प्लास्टरचं: डॉक्टरांकडून तोंडाची मापं येतात, त्यांत प्लास्टर ओतायचं आणि दिवसभर पिठाच्या गिरणीत काम केल्यासारखं दिसायचं. दुसरं पॉलिशचं, तिसरं मेणाचं, चौथं दाढांचं. पाचवं खिडकीजवळ, समोरच्या दातांचं. ते उजेडात बसवावे लागतात, आणि जो ते बसवतो त्याच्याशी सर, म्हणजे लॅबचे मालक, जरा अदबीने बोलतात.

मावशी प्लास्टरवर लागली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून जेवणाच्या सुट्टीत पॉलिशच्या टेबलाशी घुटमळू लागली. तिचा हिशेब साधा होता. हातातलं काम जमलं की त्याच दिवसापासून पुढच्या टेबलावर डोळा ठेवायचा, म्हणजे हात कधी सुस्तावत नाहीत. दर दोन वर्षांनी तिची खुर्ची एकेक टेबल पुढे सरकली. घरी काका तिची खुशालीसुद्धा टेबलाच्या नंबरावरून सांगायचे. लॅबमध्ये तिचं नाव पडलं एक्सप्रेस, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

आठव्या वर्षी सरांनी तिला पाचव्या टेबलाचं पहिलं काम दिलं. एका निवृत्त पोस्टमनची वरची कवळी. मावशीने जीव ओतला. दात आधी मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात, पसंत पडले तरच पुढचं काम. तिने बसवलेली रांग अशी सरळ, अशी शुभ्र, की सरांनी ती चारचौघांना दाखवली.

कवळी परत आली. चिठ्ठीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, पेशंट म्हणतात दात छान आहेत, पण माझे नाहीत. मावशीने रांग आणखी सरळ केली. पुन्हा परत. तिसऱ्यांदा तिने रंग बदलला, उंची बदलली आणि पुढच्या दोन दातांमधली रेघ केसाइतकीही हलू दिली नाही. तिसऱ्यांदाही परत आली तेव्हा डॉक्टर वैतागले, सर त्याहून वैतागले, आणि मावशीला प्लास्टरवर पाठवलं. एक्सप्रेस थेट यार्डात.

नेमकं त्याच आठवड्यात दुसऱ्या एका लॅबने तिला बोलावलं. तिथे पहिल्या दिवसापासून समोरचे दात. काका म्हणाले, जा, विचार कसला करतेस. मावशीलाही जायचंच होतं. थांबलो की संपलो, या धास्तीनेच ती आठ वर्षं पळाली होती. पण तिने मला सरळ सांगितलं, "अगं, मी पळून जातेय हे मला कळत होतं. त्या माणसाला माझे दात का नको होते, हे मला माहीतच नव्हतं. तिकडे जाऊन मी पुन्हा तेच केलं असतं."

तेव्हा तिने दुसऱ्या लॅबकडून आठ दिवस मागून घेतले आणि सरांकडून ती परत आलेली कवळी. मग एका दुपारी अर्धी रजा टाकून पोस्टमनचं घर गाठलं. आजोबा हात तोंडावर धरून दोन शब्द बोलले आणि आत गेले. बोलल्या त्या आजी.

त्यांनी सांगितलं की यांचा समोरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढून बसलेला असायचा, आणि पुढच्या दोघांत फट होती. त्या फटीतून ते शीळ घालायचे. चाळीस वर्षं जिन्याच्या पहिल्या पायरीवरून शीळ आली की आजी दार उघडायच्या. दात पडल्यापासून ते बेल वाजवतात, पाहुण्यासारखी.

मावशीला तिथेच आपली चूक कळली. सरळ म्हणजे सुंदर, हे ती आठ वर्षं घोकत आली होती. तिने एका माणसाच्या तोंडात दुसऱ्याच कुणाचे तरी दात बसवले होते, आणि तेही तीनदा.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरच्या टेबलावर बसून तिने मेण गरम केलं, एक दात शेजारच्यावर चढवला आणि मध्ये फट ठेवली. सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"असे वाकडे दात माझ्या लॅबमधून जाणार?"

"सर, एकदा जाऊ द्या. परत आले तर मी पुन्हा त्या खिडकीकडे बघणारसुद्धा नाही."

सरांनी कवळी उलटसुलट करून पाहिली आणि डॉक्टरांकडे जाणाऱ्या डब्यात घातली. डॉक्टरांकडून या वेळी चिठ्ठीत एकच शब्द आला, पसंत. कवळी पक्की होऊन गेली. मावशी मात्र प्लास्टरवरच. एका पसंतीने सर विरघळणारे नव्हते. तरी दुसऱ्या लॅबला तिने येत नाही म्हणून कळवून टाकलं.

चार दिवसांनी लॅबचा फोन वाजला. आजी होत्या, आणि त्यांना कवळी करणाऱ्या बाईंशीच बोलायचं होतं. सरांनी फोन पुढे केला, पण कान तिथेच ठेवला. आजी म्हणाल्या की आज खालून शीळ आली. दार उघडून थांबायचं सोडून मी अर्धा जिना खाली उतरले, या वयात, गुडघे दुखत असताना. एवढं बोलून त्या रडू लागल्या.

सरांनी फोन ठेवला. मग स्वतः मावशीची खुर्ची उचलली, मधली तीन टेबलं ओलांडून खिडकीशी नेऊन ठेवली आणि आपल्या कामाला निघून गेले. मावशी तिथे जाऊन बसली आणि तिला रडू आवरेना. तिने प्लास्टरच्या हातांनीच डोळे पुसले, आणि तो सगळा दिवस पांढऱ्या भुवयांनी समोरचे दात बसवत राहिली.